चुंबकाचा खेळ पुरे, आधी विहिरीतलं औषध मोजा : एक खुलं पत्र

प्रति,
जिल्ह्याचा पाणीपुरवठा विभाग आणि पाणी तपासणी प्रयोगशाळा यांचे सन्माननीय अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या ग्रामपंचायतीला तुमच्याकडून एका पानाचं उत्तर आलं. पिण्याच्या विहिरीचं पाणी कीटकनाशकांच्या अंशांसाठी तपासून द्या, असा ठराव ग्रामसभेने चार महिन्यांपूर्वी केला होता, त्याचं हे उत्तर. त्यात तीनच वाक्यं आहेत. 'सदर घटक नियमित तपासणीत समाविष्ट नाही.' 'यापूर्वीच्या अहवालानुसार पाणी पिण्यास योग्य आहे.' आणि शेवटचं, 'ग्रामस्थांच्या भावना विचारात घेऊन चुंबकीय नॅनो तंत्रज्ञानावर आधारित जलशुद्धीकरण संच प्रस्तावित करण्यात येत आहे.'

म्हणजे पाण्यात औषध, आमच्या भाषेत कीटकनाशक, आहे की नाही ते बघायचं नाही, पाणी चांगलं आहे असं सांगायचं, आणि तरीही औषध काढणारं यंत्र विकत घ्यायचं. ताप न मोजता सलाईन लावणारे डॉक्टर आमच्याकडेही आहेत, त्यांच्याबद्दल आम्ही घरातल्या घरात बोलतो. तुमच्या उत्तरावर उघड बोलावं लागतंय, कारण हा संच गावाला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या पैशातून येणार आहे आणि शेजारच्या गावांनाही हेच उत्तर शब्द न बदलता गेलं आहे.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. मी तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझ्या पीएचडीचा विषयच मुळी चुंबकीय नॅनोकणांनी पाण्यातले कीटकनाशकांचे अंश वेचून काढणं हा होता. सहा वर्षं त्या काळ्या पुडीत हात काळे केलेत. त्यामुळे तुमच्या पत्रात ते शब्द वाचले तेव्हा खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. दुसरं असं की मी द्राक्षबागायतदाराची मुलगी. गावाच्या विहिरीपासून आमच्या बागेचा बांध शंभर-सव्वाशे पावलांवर आहे.

आणि तिसरं कारण माझी वहिनी. जल जीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच-पाच महिलांना पाणी तपासायचं शिकवलं, त्यातली ती एक. निळ्या पेटीतल्या बाटल्या काढते, थेंब मोजून टाकते, रंग तक्त्याशी ताडून बघते. पीएच, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, उरलेलं क्लोरीन. मन लावून करते. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीरोगासाठी बागेत एक दिवसाआड फवारणी चालू होती, तेव्हा एका संध्याकाळी तिने मला विचारलं, "ताई, यात औषध कळतं का गं?"

आमच्याकडे कीटकनाशकाला कोणी कीटकनाशक म्हणत नाही. औषधच म्हणतात. औषध मारायचंय, औषधाची टाकी भर. त्यामुळे विहिरीत औषध आहे का असं विचारलं की जुनी माणसं 'हो, सकाळीच टीसीएल टाकलं' असं उत्तर देतात. टीसीएल म्हणजे जंतू मारायला टाकतात ती क्लोरीनची पावडर. वहिनी कुठलं औषध म्हणतेय ते मात्र मला कळत होतं. मी नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मग मी दर वेळी योग्य म्हणून लिहिते ते कशाच्या जोरावर?"

हीच माझी पहिली तक्रार. 'योग्य' हा शब्द. ज्या घटकासाठी पाणी तपासलंच नाही, त्याबद्दल अहवालाने गप्प बसावं किंवा 'तपासलेले नाही' असं छापावं. तुमच्या अहवालात तपासलेल्या घटकांची यादी आहे आणि खाली एकच शिक्का आहे, पिण्यास योग्य. गावाला हिरवं कार्ड मिळालं की पंचायतीत पेढे वाटतात. त्या कार्डाचा संबंध विहिरीभोवतालची स्वच्छता, गळती आणि टीसीएलचा साठा यांच्याशी आहे, औषधाशी नाही, हे पेढा खाणाऱ्याला कोण सांगणार? उलट टीसीएलबद्दल एक गोष्ट तुम्हालाही ठाऊक असेल. क्लोरीन जंतू मारतं, पण पाण्यात क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक असेल तर त्याच्यापासून ऑक्सॉन नावाचं रसायन तयार होतं, आणि मज्जातंतूंच्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) मूळ औषध घाव घालतं त्याच विकरावर हा ऑक्सॉन अधिक जोराने घाव घालतो. टीसीएल थांबवा असं मी अजिबात म्हणत नाही. कॉलरा-काविळीपेक्षा क्लोरीन कधीही बरं. एवढंच, की पाण्यात टीसीएल आहे म्हणून औषधाची चिंता मिटली असं होत नाही.

दुसरी तक्रार जरा लांब आहे, कारण ती आमच्या अंगणातली आहे.

आमच्या बागेतून युरोपला द्राक्षं जातात. कंटेनर भरण्याआधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येतो, वेगवेगळ्या ओळींतून घड कापतो, नमुना सीलबंद करून नेतो. दोनशेहून अधिक रसायनांसाठी त्याची तपासणी होते. एकही मर्यादेबाहेर गेलं तर तो माल निर्यातीला नाही, मग मणी कितीही टपोरे असोत. ही शिस्त कोणी हौसेने लावलेली नाही. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश सापडले, त्यानंतर शेतमाल निर्यातीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था अपेडा आणि पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी मिळून तपासणीची घडी बसवली. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनामुळे, बागायतदार ज्याला लिहोसिन म्हणतात त्यामुळे, कंटेनर तिकडे अडकले आणि इकडे घराघरात चूल थंडावली. तेव्हापासून आमच्या अण्णांसारख्या सातवी शिकलेल्या माणसालाही पीएचआय (शेवटची फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस) म्हणजे काय, एमआरएल (मालात चालणारी अंशाची कमाल मर्यादा) म्हणजे काय हे पाठ आहे.

आता आकडे शेजारी शेजारी ठेवते. युरोपने २०२० मध्ये क्लोरपायरिफॉसची मान्यता काढून घेतली आणि द्राक्षांतली मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. आपल्या पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५०० : २०१२, याच औषधाला लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०३ मिलिग्रॅम, परवानगी देतं. लिटरभर पाण्याचं वजन किलोभरच. म्हणजे तिकडच्या मुलाने खायच्या द्राक्षात चालत नाही त्याच्या तिप्पट औषध इकडच्या मुलाच्या पाण्यात कागदोपत्री चालतं. आणि द्राक्ष कधीतरी खातात, पाणी रोज पितात.

हे युरोप-भारत भांडण आहे असं वाटत असेल तर देशातल्या देशात बघा. फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकं सापडल्याचं जाहीर केलं. गदारोळ झाला. बाटलीबंद पाण्याचं मानक बदललं, कुठलंही एक कीटकनाशक लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमच्या वर नको, सगळी मिळून ०.५ च्या वर नकोत. ऑगस्टमध्ये शीतपेयांचं प्रकरण निघालं, त्यावर शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली आणि २००४ च्या फेब्रुवारीत तिचा अहवालही आला. क्लोरपायरिफॉसला बाटलीतल्या पाण्यासाठी ०.१ आणि नळाच्या पाण्यासाठी ३०, असा हा तीनशेपटीचा फरक आहे.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. ०.१ हा आकडा विषशास्त्राने काढलेला नाही. पाण्यात औषध असूच नये, या भूमिकेतून युरोपने तो ठरवला. ३० चा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाशी जुळतो, म्हणजे ३१ मायक्रोग्रॅमला माणूस आजारी पडतो असं काही नाही. पण माझं म्हणणं मर्यादा कुठे असावी यापेक्षा साधं आहे. आमच्या विहिरीत ३० आहे, ३ आहे, ०.३ आहे की काहीच नाही, हे कोणालाच माहीत नाही. द्राक्षाचं माहीत आहे.

तिसरी तक्रार यादीची, ती लवकर संपवते. याच मानकात कीटकनाशकांची स्वतंत्र यादी आहे, अठरा नावांची. त्यात एन्डोसल्फान आहे, जे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंद केलं. फोरेट, अलाक्लोर आहेत, ज्यांचा वापर २०२० अखेर थांबला. आल्ड्रिन, डायएल्ड्रिन तर माझ्या जन्माच्या आसपासचे. आमच्या बागेत जे खरोखर पडतं, ते मेटालॅक्झिल, डायमेथोमॉर्फ, कार्बेन्डाझिम, अझॉक्सिस्ट्रॉबिन, इमिडाक्लोप्रिड, यातलं एकही त्या यादीत नाही. गावच्या कृषी सेवा केंद्राच्या बिलबुकातून यापेक्षा चांगली यादी तासाभरात निघेल. बरं, ही जुनी यादी तरी तपासता का? तर 'नियमित तपासणीत समाविष्ट नाही'.

आता त्या यंत्राकडे येते.

संचाचं प्रात्यक्षिक पंचायतीच्या ओट्यावर झालं. कंपनीच्या माणसाने काचेच्या बरणीत निळं पाणी घेतलं, चमचाभर काळी पूड टाकली, ढवळलं आणि बाहेरून चुंबक लावलं. पूड सरसर काचेकडे धावली, पाणी नितळ. टाळ्या पडल्या, सरपंचांनी व्हिडिओ काढला. माझे हात वर आले नाहीत, कारण हाच खेळ मी दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, शाळेतल्या मुलांना दाखवत आलेय. तो निळा रंग मिथिलीन ब्लू या रंगद्रव्याचा. तो विद्युतभार असलेला रेणू, विरुद्ध भाराच्या कणाला लगेच चिकटतो. क्लोरपायरिफॉसला रंग नाही, इमिडाक्लोप्रिडलाही नाही, आणि दोघांचा स्वभाव मिथिलीन ब्लूसारखा नाही. निळं गेलं म्हणजे औषध गेलं, असं मी मुलांना कधी म्हटलं नव्हतं. पण तसं नसतं हेही सांगितलं नव्हतं. ती चूक माझी.

ती पूड म्हणजे मॅग्नेटाइट, लोखंडाचं चुंबकीय ऑक्साइड. फेरस आणि फेरिक क्षार एकास दोन प्रमाणात गरम पाण्यात विरघळवायचे, अमोनिया सोडायचा, बघता बघता काळा साका तयार होतो. कण दहा-वीस नॅनोमीटरचे. गंमत अशी की चुंबक जवळ आहे तोवरच ते चुंबकासारखे वागतात, चुंबक दूर केलं की एकमेकांना सोडून पुन्हा पाण्यात पसरतात. गाळणी नको, सेंट्रिफ्यूज नको, म्हणून मी त्यांच्या प्रेमात पडले. पण नुसते कण औषध फारसं धरत नाहीत, आणि आम्लात विरघळतात. म्हणून वर सिलिकाचा थर द्यायचा, त्यावर कार्बनच्या लांब साखळ्या किंवा ग्राफीन चढवायचं. क्लोरपायरिफॉस तेलकट वळणाचं, ते त्या साखळ्यांना पटकन चिकटतं. इमिडाक्लोप्रिडला पाणी जास्त प्रिय, ते तिथेच राहतं. एका पुडीने सगळी औषधं निघतात असं कोणी म्हणालं, तर त्याला नावं विचारा. शिवाय तळ्या-ओढ्याच्या पाण्यात कुजलेल्या पाल्याची आम्लं असतात, ती औषधाच्या आधी जागा अडवून बसतात.

आता मात्रेचा हिशेब. माझ्या प्रबंधात शंभर मिलिलिटर पाण्याला वीस मिलिग्रॅम पूड लागत होती. गाव दोन हजार वस्तीचं, माणशी पाच लिटर पिण्याचं पाणी धरलं तरी दिवसाला दहा हजार लिटर. म्हणजे त्या प्रमाणाने रोज दोन किलो पूड. ती धुऊन पुन्हा वापरता येते, हे खरं. पण धुवायची ती असिटोन किंवा असिटोनायट्राइलने, पाण्याने नाही. ते औषध उतरलेलं द्रावक कुठे ओतणार? ओढ्यात? प्रात्यक्षिकाच्या दिवशी हे मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, 'मॅडम, कार्ट्रिज वर्षातून एकदा बदलून देऊ.' किती लिटरनंतर, कुठल्या औषधासाठी, कोणत्या प्रयोगशाळेच्या अहवालावरून, यातलं काही पत्रकात नव्हतं. पत्रकावर एक धबधबा होता.

नॅनो म्हणजे फसवणूक, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. आयआयटी मद्रासच्या टी. प्रदीप यांच्या गटाने धातूंच्या नॅनोकणांवर कीटकनाशकं पकडून तोडता येतात हे दाखवलं आणि २००७ मध्ये त्यावर आधारित घरगुती फिल्टर बाजारात आला. ते काम आधी औषध ओळखून, मग मोजून, मग काढून झालेलं होतं. आणि साधा सक्रिय कोळसाही पुष्कळ औषधं धरतो, स्वस्तात. व्हिडिओत त्याचं काही दिसत नाही, एवढाच त्याचा दोष.

माझं खरं दुखणं पुढे आहे. ज्या पुडीचं तुम्ही यंत्र घेताय, तिचा सगळ्यात पक्का उपयोग पाणी तपासण्यासाठीच आहे. १९९९ मध्ये शाफार्झिकोव्हा आणि शाफार्झिक या चेक शास्त्रज्ञांनी या पद्धतीला नाव दिलं ते नमुन्यातला अंश वेचून घट्ट करण्यासाठी. अर्धा लिटर पाण्यात पूड हलवायची, चुंबकाने ओढायची, पाणी ओतून द्यायचं आणि चिकटलेलं औषध मिलिलिटरभर द्रावकात उतरवायचं. पाचशेपट घट्ट झालेला तो थेंब मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रात, सोडला, की एरवी न दिसणारं औषध दिसतं. त्याला लागते चिमूटभर पूड आणि बोटाएवढं निओडिमियम चुंबक. म्हणजे मोजायच्या तंत्राचं तुम्ही मोजणं सोडून बाकी सगळं घेताय.

आता आमच्या बाजूचं. ही विहीर बिघडली असेल तर ती तुमच्या कार्यालयाने बिघडवलेली नाही. आमचा दादा दहा वर्षं फवारणीची टाकी विहिरीच्या कडेलाच भरत होता. पाइप टाकीतल्या औषधात बुडालेला असायचा. वीज गेली, मोटर थांबली, की पाइपातलं पाणी मागे विहिरीत ओढलं जायचं, आणि त्याबरोबर काय जायचं ते सांगायला नको. ब्लोअर धुतलेलं पाणी चारीत, रिकामे डबे बांधावर. सगळी आळी हेच करायची. आमच्या काळ्या दगडात भेगा आहेत, वरचं पाणी खाली जायला वेळ लागत नाही. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणी करताना वीसहून अधिक माणसं गेली तेव्हा आम्ही मास्क आणि हातमोजे यांबद्दल बोललो, विहिरीबद्दल नाही. दादाने आता टाकी भरायची जागा हलवलीय आणि पाइपाला एकेरी झडप बसवलीय. पण त्याने काही फरक पडला का, हे त्याला कळणार कसं?

माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी पाणी तपासून एखादा आकडा या पत्रात छापू शकले असते. मुद्दाम छापलेला नाही. आमच्याकडे एनएबीएल ही प्रयोगशाळांना लागणारी राष्ट्रीय मान्यता नाही, मास स्पेक्ट्रोमीटर नाही, आणि अर्धवट आकड्याने गावात घबराट होईल किंवा खोटा धीर येईल. तो आकडा देणं तुमचं काम आहे.

म्हणून मागण्या. नॅनो संचाची खरेदी तूर्त थांबवा. बागायती पट्ट्यातल्या पिण्याच्या विहिरी आणि बोअरचं पाणी वर्षातून दोनदा, पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि ऑक्टोबर छाटणीची फवारणी ऐन भरात असताना, कीटकनाशकांसाठी तपासा. तपासायची यादी आमच्या तालुक्यात विकल्या जाणाऱ्या औषधांवरून ठरवा. यंत्रसामग्री नाही असं म्हणू नका. द्राक्षांचे अंश तपासणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आपल्या राज्यात आहेत, द्राक्षांची गर्दी ओसरली की त्यांच्याशी करार करा. अहवालात मिळालेला आकडा छापा, नुसता शिक्का नको, आणि जे तपासलं नाही त्यापुढे 'तपासलेले नाही' असं लिहा. औषध सापडलं तर कोळसा, आरओ, नॅनो जे योग्य ते घ्या, पण विकणाऱ्याकडून आमच्याच विहिरीच्या पाण्याचा आधीचा आणि नंतरचा अहवाल घ्या, पाण्यात लोह किती उतरतं ते बघा, वापरलेल्या पुडीचं काय करणार ते करारात लिहून घ्या. सापडलं नाही, तर तेही फलकावर लावा. पहिला पेढा मी देईन.

आणि फवारणीच्या टाकीला एकेरी झडप, डबे परत घेणं, विहिरीपासून अंतर ठेवून टाकी धुणं, या गोष्टी कृषी खात्याबरोबर बसून ठरवा. त्याला नॅनो काही लागत नाही.

येत्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता वहिनी आणि मी पाण्याचा नमुना घेऊन तुमच्या कार्यालयात येत आहोत. मागच्या वेळी खिडकीवर प्लास्टिकची कुठलीही बाटली चालेल असं सांगितलं होतं. प्लास्टिकला औषध चिकटतं, म्हणून या वेळी तपकिरी काचेची एक लिटरची बाटली बर्फाच्या डब्यात असेल. सोबतच्या अर्जावर घटकाच्या रकान्यात 'कीटकनाशकांचे अंश' असं लिहिलेलं आहे. नमुना घ्या किंवा परत करा, पण जे कराल त्याची सही-शिक्क्याची पोच द्या.

आपली,
द्राक्षपट्ट्यातल्या एका गावची लेक आणि रसायनशास्त्राची शिक्षिका